एका पेशंटला एकच व्हायरस

लॅबमध्ये सॅम्पलपेक्षा किस्सेच जास्त साठतात. सॅम्पल दोन-चार दिवसांत कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जातं, किस्से टाकायला तशी पिशवी नाही! बीडच्या एका लॅबमध्ये मी टेक्निशियन आहे. तिथल्या किश्श्यांतले हे थोडे.

*

आष्टी, गेवराईकडून नाकातले स्वॅब आणायचं काम भानुदासकाकांचं. बर्फाचा डबा मांडीवर घेऊन बसायचे. लॅबची जीप मोठ्या साहेबांच्या सत्काराला गेली, की एसटीने यायचे.

एकदा कंडक्टरने विचारलं, "काका, डब्यात काय हाय?"

"आजारी लोकांचा शेंबूड!"

काकांना अख्खी सीट मिळाली. पुढे जीप साहेबांकडेच राहिली.

*

एका स्वॅबमध्ये दोन व्हायरस निघाले, इन्फ्लुएंझा आणि आरएसव्ही. मला वाटलं, मशीन बिघडलं.

आमच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "मशीन ठीक आहे. श्वासनळ्यांच्या अस्तरातल्या पेशींवर बारीक केस असतात, ते घाण बाहेर ढकलतात. पहिल्या व्हायरसने त्या पेशी मारल्या, की दुसऱ्याला अडवणार कोण? कधी तर दोघं एकाच पेशीत शिरतात."

काका डबा पुसत होते. "म्हंजे पुढारी अन् कामाचा ठेका घेणारा गुत्तेदार! एक दार फोडतो, दुसरा मागून घुसतो."

मॅडम म्हणाल्या, "मी दहा वर्षं शिकवते, मला इतकं सोपं जमलं नाही."

*

पण रिपोर्ट भरायच्या सरकारी पोर्टलवर व्हायरसचा रकाना एकच! दोन नावं टाकली, की लाल पट्टी. फोन केला, तर वरच्या ऑफिसातला ऑपरेटर म्हणाला, "एका पेशंटला एकच आजार. दोन असतील तर दोन पेशंट करा!"

आम्ही खूप हसलो. मग तसंच करायला लागलो. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

*

दिवाळीनंतर काकाच खोकायला लागले. स्वॅब मीच घेतला. दोन्ही व्हायरस पॉझिटिव्ह. काकांना वॉर्डात भरती केलं. पोर्टलवर एका माणसाचे दोन भानुदास झाले.

पाचव्या दिवशी पहिल्या भानुदासचा इन्फ्लुएंझा निगेटिव्ह आला आणि वॉर्डाने डिस्चार्जचा कागद काढला! काकांना धाप लागलेली, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. मॅडमनी कागद फाडला. "एक भानुदास घरी पाठवता, मग दुसऱ्याला फुप्फुसं कुणाची लावू?"

काकांनी मास्क बाजूला केला. "मॅडम, दोगांतला एक ड्यूटीवर लावा. आष्टीचा डबा ऱ्हायलाय."

दोन दिवसांनी काका गेले. व्हायरसवर माझा राग नाही. तो त्याचं काम करतो.

*

मृत्यूची नोंद पहिल्या भानुदासच्या नावावर झाली. एका माणसाचे दोन मृत्यू दाखवता येईनात, म्हणून दुसऱ्यापुढे 'उपचार सुरू' तसंच राहिलं.

तेराव्यानंतर मी काकूंकडे गेलो होतो. काकांचा मोबाइल वाजला. काकूंनी स्पीकर लावला. वरच्या ऑफिसातली एक बाई बोलत होती.

"भानुदास यांची तब्येत कशी आहे? पोर्टलवर उपचार सुरू दाखवतंय."

मी फोन घ्यायला हात पुढे केला. काकूंनी दिला नाही.

"जित्ते हायत ना तुमच्याकडं? मंग बाई, घरी धाडून द्या."