मडगार्डवरची जागा

बायको वारली, त्याच्या आदल्या सांजेला आम्ही दोघं ओसरीत शेंगा फोडत बसलो होतो. रस्त्यानं उसाची ट्रॉली गेली, डिझेलचा वास आला, तशी ती म्हणाली, "आवं, दातेगडाची इहीर आठवती का?"

न आठवायला काय झालं? सत्तर सालानंतरची गोष्ट, लग्न नवं होतं. पाटणला ट्रॅक्टरनं जोंधळ्याची पोती टाकायची होती. तिचं माहेर तिकडंच, म्हणून आईनं तिला बरोबर धाडली. ती मागं ट्रॉलीत, पोत्यांवर. सून नवऱ्याशेजारी मडगार्डवर बसली की गाव हसायचं.

पोती उतरली, तिच्या माहेरी उभ्या उभ्या भेटून निघालो, तेव्हा मी म्हणालो, "ये पुढं." ती आली, खेटून बसली आणि डोंगराकडं बोट केलं. "त्या गडावर कातळात खोदलेली इहीर हाय." त्या रस्त्यानं कैकदा गेलो, पण मला ठाऊक नव्हतं.

ट्रॉली पायथ्याला लावून चढलो. वर ऊन रणरणतं, विहिरीच्या पायऱ्यांवर मात्र अंग शहारेल असा गारवा. ओल्या दगडाचा वास. तिथंच भाकरी खाल्ली. ती हसली, "घरात एवढं बोलत न्हाई तुमी!" आता वाटतं, त्यासाठीच त्या दिवशी तिनं विहिरीचा विषय काढला असंल.

आमचं उंब्रज जवळ आलं तशी म्हणाली, "थांबवा. मामंजी दारात असतील." मागं जाऊन धुरळ्यात तोंड झाकून बसली. मला लय लागलं ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाकळेची घडी मडगार्डवर सुतळीनं बांधली. वडील म्हणाले, "कुनासाठी रं ही?"

"तुमच्या सुनंसाठी, आबा," म्हणालो आणि सगळ्यांदेखत तिला हाक मारली.