करवलीचा गाल

कात्र्या पुसताना स्पिरिटचा वास आला की मला तो पौष आठवतो. बजाजनगरात माझं पार्लर. गालावरची न भरणारी पुळी त्वचेचा कॅन्सर निघाली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, लगेच काढू. मी म्हटलं, पौषात लग्नं नसतात, तेव्हा काढा; माघातल्या नवऱ्या मी सोडणार नाय. ते लई चिडले, पण ऑपरेशन पौषातच झालं. टाके निघाले आणि गालावर लालभडक व्रण राहिला. माघातल्या पहिल्या नवरीची आई मेकअपचं पक्कं करायला आली, तर मला बघून दारातच थबकली. "शुभकार्यात असलं तोंड नको बाई," म्हणाली आणि दुसरीकडं गेली. लग्नाच्या सकाळी तीच बाई लेकीला ओढत माझ्या दारात! दुसऱ्या पार्लरवालीच्या क्रीमनं पोरीच्या तोंडावर चट्टे उठले होते. "ताई, आमची लाज राखा." मी म्हटलं, "राखते की. पण मंगलाष्टकांना नवरीच्या मागं करवली म्हणून मी उभी राहणार, गाल न झाकता." बाईचं तोंड उतरलं, पण मुहूर्त जवळ आला होता. पोरीचा काय दोष? तिचे चट्टे मी जीव लावून झाकले. मग हातात दिवा घेऊन मागं उभी राहिले आणि फोटोग्राफर वळला की व्रणाचाच गाल पुढं केला. छावणी भागातल्या त्यांच्या घरी, बैठकीच्या खोलीत म्हणे मंगलाष्टकांचा तोच फोटो मोठा करून लावलाय. माझ्या गालावरचा व्रण आता फिका पडलाय. त्यांच्या भिंतीवर मात्र तो अजून लालच आहे.