कॅप्टन चिमटा

मी टपाल तिकिटं जमवतो. तिकिटाला बोट लावायचं नाही, चिमट्यानंच उचलायचं. घरात कुणी हात लावला की माझं डोकं फिरतं.

आमच्या छंदाचं एक मराठी मासिक टपालानं बुऱ्हाणपूरला येतं. गेल्या वर्षापासून त्याच्या शेवटच्या पानावर एक चित्रमालिका यायला लागली, ‘कॅप्टन चिमटा’. हा महावीर आगीत उडी घेतो आणि माणसांआधी पाकिटं बाहेर काढतो. चोर समोरून पळत असतो, तेव्हा हा तिकीट सुटावं म्हणून पाकीट कोमट पाण्यात घालून घड्याळ बघत बसतो.

चित्रकाराचं नाव कधीच नसायचं. मग एका अंकात कॅप्टन आमच्या गावची काळी मावा जिलबी खाताना दिसला आणि मी ताडकन उठलो. म्हणजे हा प्राणी इथलाच! पोस्टातल्या कारकुनाला विचारलं. नदीपलीकडे जैनाबादला एक निवृत्त मास्तर तिकिटं जमवतात, त्यांनाही आडून आडून विचारून आलो. दोघंही नुसते हसले.

रविवारी सकाळी जिलबी खाता खाता मी तो अंक बायकोपुढे धरला. “बघ, जिलबीसुद्धा चिमट्यानं खातोय येडा! बोटं चिकट होतात म्हणे. असा माणूस असतो का कुठं?”

तिनं चित्राकडे पाहिलंच नाही. ती माझ्या हातातल्या चिमट्याकडे बघत होती. त्यात जिलबीचा तुकडा होता.

“पुढच्या अंकात काय करायला लावू तुम्हाला?” तिनं विचारलं.