रेमेतमावशींचा कान आणि माझं नाक

"हिला सगळं ऐकू येतं, डॉक्टर. घरात आली की सोंग घेते." पाचूबंदरच्या इनासकाकांनी माझ्या टेबलासमोर बायकोची तक्रार मांडली.

बायको, रेमेतमावशी, बाजारात मासळी विकतात. कोळणीचा आवाज दुसऱ्या गल्लीत पोचतो. या मात्र पाद्र्यापुढे कन्फेशनला बसल्यासारख्या पुटपुटत होत्या. "बाजारात ऐकू येतं. घरात कोन काय बोलतं, नाय कळत. हे मला खोटारडी म्हनतात."

मलाही आधी काकांचंच पटलं. मी कानाचा डॉक्टर असलो तरी नवराही आहेच.

मग ट्यूनिंग फोर्क, म्हणजे गुणगुणणारा दोन दातांचा चिमटा, त्यांच्या कानासमोर धरला. काही नाही. त्याचं बूड कानामागच्या हाडावर टेकवलं, तशी मावशींनी झटकन 'येतंय' अशी मान हलवली. ऑडिओग्रामही, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेखही, तेच बोलला. ओटोस्क्लेरोसिस. कानाच्या आत रिकिबीसारखं, अर्ध्या तांदळाएवढं हाड असतं. ते जखडतं. नस शाबूत, वाट बंद. अशा माणसाला स्वतःचा आवाज मोठा वाटतो, म्हणून तो हळू बोलतो. बाजारात मात्र सगळेच ओरडून बोलतात, आणि मागचा गोंगाट याच्यापर्यंत कमीच पोचतो. म्हणून तिथे त्याला बरं ऐकू येतं. मावशींचा शब्दन् शब्द खरा होता.

"ऑपरेशननं ऐकू येईल?" काकांनी विचारलं.

"बहुतेकांना येतं. क्वचित त्या कानाचं आहे तेही जातं."

काकांनी बायकोकडे पाहिलं. मावशींना मी ते मोठ्यानं पुन्हा सांगितलं. "करा," त्या म्हणाल्या. "खोटारडी म्हनून मरायची नाय मी."

हे ऑपरेशन कान बधिर करून होतं, पेशंट जागा असतो. पडदा उचलला, जखडलेल्या हाडाची कमान काढली, त्याच्या तळाला सुईच्या टोकाएवढं भोक पाडलं आणि त्यात पिस्टन, म्हणजे बारीकशी कृत्रिम दांडी, बसवला. मिलिमीटरचा खेळ. हात थरथरला तर कान गेला. पडदा परत ठेवला. आता ऐकू येतं का ते बघायला पेशंटला हळूच नाव विचारायचं असतं. मी तोंड उघडणार, तोच मावशी म्हणाल्या, "शिट्टी कोन वाजवतंय?"

सगळे थांबले. ऐकू येत होता फक्त मॉनिटर.

"ही काय. आता थांबली. आता परत."

मी श्वास घेतला की त्या बोट वर करायच्या. मास्कच्या आड माझं नाक वाजत होतं. सिस्टर भिंतीकडे वळून हसल्या. मला हसू आलं नाही, अंगावर काटा आला. इतकी वर्षं हे करतोय, तरी एका इवल्या दांडीवरून माझा श्वास कुणाच्या तरी डोक्यात शिरला, हे मला अजून पचत नाही.

दीड महिन्यानं ऑडिओग्राम काढला. जवळजवळ नॉर्मल. काकांची नवी तक्रार होती: "आता लय मोठ्यानं बोलते."

"आणि खरं बोलते," मावशी दणक्यात म्हणाल्या. काकांनी मान खाली घातली.

माझं नाक वाजतं असं बायको लग्नापासून सांगते. तुला भास होतो, असं मी तिला लग्नापासून सांगत आलोय. पेशंटवर आधी विश्वास ठेवावा, हे मी ज्युनिअरांना शिकवतो. घरी जाऊन माफी मागितली. पुढच्या महिन्यात माझ्याच नाकाचं ऑपरेशन आहे.