बाईंना किती मार्क?

हल्ली दोन शिक्षक चहाला बसले की दुसरा विषय निघतच नाही. पूर्वी बदल्या निघायच्या, आता मूल्यमापन. शिक्षकांनाच मार्क द्यायची ही पद्धत आली आणि किस्से इतके साचले, की ऐकणारी माणसं कमी पडायला लागली. पाथरी तालुक्यातली आमची शाळा दोन शिक्षकांची. एक मी, दुसऱ्या गायकवाडबाई. किस्से बहुतेक बाईंचेच, कारण मी निमूटपणे फॉर्म भरतो आणि बाई भांडतात!

*

पाथरीच्या प्रशिक्षणात आधी आपणच आपल्याला मार्क द्यायचे होते. हॉलमध्ये सगळ्यांना पैकीच्या पैकी. मलाही. बाईंनी मात्र गायनाला शून्य दिलं.

प्रशिक्षक म्हणाले, "मॅडम, शून्य दिलं की सुधारणेचा आराखडा जोडावा लागतो."

"सुधारायला मी रोज गायले, तर पोरं शाळा सोडतील," बाई म्हणाल्या. "मग पटसंख्येचा आराखडा मागताल!"

*

प्रत्येक उपक्रमाचा फोटो अ‍ॅपवर पाठवायचा. जुना चालत नाही, तिथल्या तिथे काढून लगेच पाठवायचा. आमच्या शाळेत फोन लागतो, पण नेट मिळतं ते मारुतीच्या ओट्यावर. म्हणून हात धुण्याचा उपक्रम ओट्यावरच झाला. पोरांनी कोरडेच हात चोळले.

आमच्या भागातल्या शाळा तपासणारे केंद्रप्रमुख साहेब. त्यांचा फोन आला. "मॅडम, फोटोत नळ कुठंय?"

"नळ शाळेत हाय, नेट देवळापाशी हाय. दोन्ही एका जागी आणून द्या, फोटो पाठवते."

*

पालकांचं मतही घ्यायचं असतं. साहेब कौसाआजीच्या दारात गेले. आजीचा नातू दुसरीत.

"आजी, बाईंना पाचपैकी किती मार्क देता?"

"तुमाला कोण देतंय?"

"मला वरचे साहेब देतात."

"ते कदी आले का तुमचं काम बघायला?"

साहेबांनी पाच मार्क लिहिले आणि चहा न घेताच निघाले.

*

हसण्यावारी गेलं ते इथपर्यंत. पुढे आला उपस्थितीचा रकाना.

दिवाळीनंतर आमच्या गावची निम्मी घरं ऊसतोडीला जातात आणि पोरं आईबापाबरोबर. उपस्थिती घसरते. ती घसरली तर बाईंचा शेरा खराब होणार आणि त्यांना इथून हलवणार, असं साहेबांनीच सांगितलं. माणूस वाईट नाही. त्यांनी वाटही सुचवली, "गेलेल्या पोरांची नावं कमी करून टाका. टक्केवारी वर येईल, तुम्ही सुटाल."

बाई म्हणाल्या, "मी सुटंन साहेब. पर नाव काढलं की पोरगी परत शाळेत येत न्हाई. लय बघितलंय मी."

मला साहेबांपेक्षा त्या टक्केवारीचा राग आला. पोरं कोयत्यामागं जातात ती सरकारला दिसत नाहीत, बाईंचे मार्क तेवढे दिसतात. मी मात्र माझा फॉर्म भरून टाकला. बाईंनी एकही नाव काढलं नाही.

त्या हजेरी घेताना एकेकाला उभं करतात आणि गेलेल्या पोरांचीही नावं पुकारतात. ज्यांना जमेल ती पोरं उसाच्या फडावरून बापाच्या मोबाईलवरून बाईंना फोन लावतात आणि दिवसाची गणितं लिहून घेतात. मूल्यमापनाच्या दिवशी साहेब शेरा लिहायला बसले आणि हजेरीच्या मध्येच बाईंचा फोन वाजला. बाईंनी तो स्पीकरवर टाकला.

"कोण आहे?" साहेबांनी विचारलं.

"पूजा. चौथीची. कोल्हापूरकडं गेलीय. हजेरी द्यायलीय."

"मॅडम, अशी हजेरी धरता येत नाही."

"मग तसं तुमीच सांगा तिला."

बाईंनी फोन त्यांच्या हातात दिला आणि पूजाचं नाव पुकारलं.

"हजर, बाई," फोनमधून आवाज आला. मागे ट्रॅक्टर चालू होता.

सगळा वर्ग साहेबांकडे बघत होता. त्यांनी पेन खाली ठेवलं, फोन तोंडाजवळ धरला आणि म्हणाले,

"बस खाली."