डोक्यावर टॉवेल घेतलेली डॉक्टर

पेणमध्ये मी दवाखाना काढला, तेव्हा लहान मुलांच्या मनाचा वेगळा डॉक्टर असतो हेच माझ्या घरमालकांना पटत नव्हतं. ते निवृत्त मुख्याध्यापक. चावी हातात देताना म्हणाले, "मुलांना मन असतं, पण ते आजारी पडण्याएवढं मोठं नसतं." शिवाय पाटीवर 'मनोविकार' हा शब्द नको, अशी त्यांची अट होती. वरच्या मजल्यावर त्यांची मुलगी लग्नाची होती.

मी 'मुलांचा दवाखाना' एवढंच लिहून घेतलं. मग जुलाब, खोकला, फुटलेले कान, सगळे माझ्याकडे येऊ लागले. त्यांना मी समोरच्या बालरोगतज्ज्ञांकडे पाठवायची. दिवाळीत ते गृहस्थ मिठाई घेऊन आले आणि तुमच्यासारखी शेजारीण मिळायला भाग्य लागतं, असं म्हणून गेले. तोवर माझा स्वतःचा असा एकही पेशंट नव्हता.

पहिली खरी पेशंट पेणजवळच्या हमरापूरहून आली. दुसरीतली मुलगी. घरचा गणपतीचा कारखाना. आई म्हणाली, "घरी निस्ती बडबड असते, बाय. शाळेत गेली का तोंड बंद. बाईंना वाटतंय मुकी हाय." अशी मुलं मी शिकताना पाहिली होती. घरात बोलतात, बाहेर भीतीनं आवाजच फुटत नाही. उपाय मला माहीत होते, म्हणजे पुस्तकातले माहीत होते. मी बाहुल्या मांडल्या, रंग दिले. एकदा मातीचा गोळाही ठेवला. तिनं तो बोटानं दाबून पाहिला आणि माझ्याकडे, ही कसली माती, अशा नजरेनं बघितलं की मी तो उचलून कपाटात टाकला. बोलली मात्र नाही. तिची आई दर वेळी विचारायची, "औषध कवा चालू करणार?"

एकदा निघताना आई सहज बोलून गेली, "गणपतींशी मात्र तासन्‌तास बोलते. पन आखणी झाली का त्यांच्याकडं फिरकत नाय."

आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणं. रविवारी मी हमरापूरला गेले आणि कारखान्याच्या दारामागं उभी राहिले. पांढऱ्या मूर्ती ओळीनं मांडलेल्या, एकीलाही डोळे नाहीत, आणि ही पोरगी त्यांच्यामध्ये बसून कोणी कोणाचा डबा खाल्ला ते रंगवून सांगत होती. मधेच एका मूर्तीला दटावलंही. पलीकडच्या फळीवर आखणी झालेले गणपती होते. तिकडं तिची पाठ होती.

पुढच्या खेपेला ती समोर बसली, तेव्हा मी काहीच विचारलं नाही. बेसिनजवळचा टॉवेल डोक्यावरून तोंडावर ओढून घेतला आणि तशीच बसले. टॉवेलला डेटॉलचा वास येत होता. मग अगदी बारीक आवाज आला.

"तुमची आखणी झालीय ना?"

"झालीय. पण झाकलीय."

"मंग ठीक हाय," ती म्हणाली आणि सुरूच झाली.

ती शाळेतल्या भांडणाबद्दल सांगत असताना घरमालक पाण्याच्या टाकीचं काहीतरी सांगायला आत आले. त्यांना दिसलं ते असं: भाडेकरू डॉक्टरीण डोक्यावर टॉवेल घेऊन बसली आहे आणि आतून म्हणते आहे, "बरं, मग तिनं चावा घेतला?" मुलगी त्यांना पाहून गप्प झाली. ते आले तसे मागे फिरले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बाजूला घेऊन फार मायेनं विचारलं, "तुम्ही स्वतःला कुणा डॉक्टरला दाखवलंय का?"

दवाखान्यात बोलून भागणार नव्हतं. मी मुलीच्या वर्गशिक्षिकेला भेटून, तिला बघणाऱ्या डोळ्यांची भीती वाटते, हे सांगितलं. त्या तरुण होत्या आणि सांगितलं ते जरा जास्तच मनावर घेणाऱ्या. मुलीची बोलायची वेळ आली की त्या स्वतः फळ्याकडे तोंड करायच्या आणि सगळ्या वर्गाला डोळे मिटायला लावायच्या. नेमकं अशाच वेळी तपासणीला आलेले साहेब वर्गात शिरले. वर्ग डोळे मिटून बसलेला, बाई भिंतीकडे बघत उभ्या, आणि एक मुलगी सातचा पाढा म्हणते आहे. साहेब दारातच चपला काढून हात जोडून उभे राहिले. हा ध्यानाचा उपक्रम फार आवडला, इतर शाळांनीही घ्यावा, असं सांगून ते गेले. बाईंनी खरं काय ते सांगितलं नाही. मीही नाही. आजूबाजूच्या दोन-तीन शाळांत मुलं डोळे मिटून पाढे म्हणू लागली.

आम्ही हळूहळू डोळे उघडत नेले. आधी तिची एक मैत्रीण, मग पहिली रांग, मग बाई. वर्ष संपायच्या आत ती सगळ्यांसमोर बोलायला लागली. शेवटच्या भेटीत तिची तक्रार होती, "आता समदे बघतात, पन ऐकत कोन नाय."

यानंतर 'टॉवेलवाल्या डॉक्टरीणबाई' ही कीर्ती रोह्यापर्यंत गेली. रोह्याशेजारच्या वरसेला मी आठवड्यातून एकदा बसू लागले. तिथं एक कंपनीत शिफ्ट करणारे वडील आपल्या मुलाला घेऊन आले. मुलगा घरी नीट बोलत नाही, ही तक्रार. सोबत कोरा टॉवेल आणला होता, दुकानाची चिठ्ठी तशीच. मुलगा माझ्याशी छान बोलत होता. मी म्हटलं, "याला टॉवेलची गरज नाही."

वडिलांचा चेहरा पडला. "एवढा आनलाय तर..." असं म्हणत त्यांनी तो स्वतःच्याच डोक्यावर घेतला. मग आतून आवाज आला, "शिफ्टवरून आल्यावर याच्याशी काय बोलायचं, तेच मला समजत नाय, मॅडम. मंग मी ओरडतो."

मुलानं माझ्याकडे पाहिलं. उठून गेला, टॉवेलची कड उचलली आणि आत डोकं घातलं. दोघांचं कुजबुजत काहीतरी सुरू झालं. मला एक शब्द कळला नाही. मी दार थोडं उघडून बाहेर थांबलेल्यांना हळू आवाजात सांगितलं, की जरा वेळ लागेल.