वाकडं तोंड आणि सकाळच्या गोळ्या

माझे यजमान एसटीत ड्रायव्हर होते. तीस वर्षं यांनी गोंडपिपरी-अहेरी, गोंडपिपरी-चंद्रपूर अशा गाड्या चालवल्या आणि आरशात दिसलेला एकेक प्रवासी संध्याकाळी घरी आणला. म्हणजे त्याची नक्कल करून. तोंडात पान कोंबून भांडणारा मास्तर, तिकीट हरवलेला म्हातारा, कोंबडी पिशवीत लपवून साळसूद बसलेली बाई. रिटायर झाल्यावर प्रवासी संपले, तेव्हा हे गल्लीतल्या लोकांवर आले.

त्या सकाळी पोहे खाता खाता यांचं तोंड एका बाजूला लोंबलं. चहा ओठाच्या कोपऱ्यातून बनियनवर गळायला लागला. "पोओ... वाआ..." असं काहीतरी बोलले.

मी पोट धरून हसले. "आता हा कोन? कवळी घरी विसरलेला तो बुवा न?"

यांनी मान हलवली. मला वाटलं, माझं उत्तर चुकलं. मी दुसऱ्याचं नाव घेतलं, मग तिसऱ्याचं. चौथ्या वेळी कप हातातून सुटून फुटला आणि मी यांच्या डोळ्यांकडे पाहिलं. ते डोळे कोणाचीच नक्कल करत नव्हते. ते घाबरले होते.

दहा मिनिटांत सगळं जागेवर आलं. तोंड सरळ, बोलणं सरळ.

"पोहे थंडे झाले," हे म्हणाले. "जरा गरम करून दे न."

पोहे राहिले तिथेच. मी चंद्रपूरच्या मुलीला फोन लावला. ती म्हणाली, बरं वाटलं तरी आत्ताच्या आत्ता घेऊन ये. शेजाऱ्याने गाडी काढली. हे पुढच्या सीटवर बसले आणि चंद्रपूर येईपर्यंत त्याला गिअर कधी बदलायचा ते सांगत राहिले.

दवाखान्यात डॉक्टरबाई तरुण होत्या. म्हणाल्या, "काका, जरा हसून दाखवा."

हसा म्हटल्यावर हे साधे कुठले हसतात! तिकीट हरवलेला म्हातारा कंडक्टरकडे पाहून हसतो तसे, एक गाल वर ओढून हसले. डॉक्टरबाई दचकल्या. त्यांनी दुसऱ्या डॉक्टरांना आवाज दिला. दोघं बॅटरी घेऊन यांच्या तोंडावर वाकले.

"थांबा," मी म्हटलं. "हे यांचं तोंड नाई. हे एका पॅसेंजरचं आहे."

"मला यांचं स्वतःचं पाहिजे."

"ते मलेच कधीमधी दिसते, मॅडम."

तपासण्या झाल्या, मेंदूचा फोटो निघाला. छोटा झटका होता. डॉक्टरबाईंनी तीन गोळ्या लिहून दिल्या. एक रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून, एक कोलेस्ट्रॉलची, एक बीपीची. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाल्या, "बरं वाटतंय म्हणून या बंद करायच्या नाहीत. या बरं वाटायच्या गोळ्याच नाहीत. पुन्हा मोठा झटका येऊ नये म्हणून आहेत. आणि तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर वाट पाहायची नाही. लगेच निघायचं."

महिनाभर यांनी गोळ्या घेतल्या. मग एक दिवस कपाट आवरताना यांच्या जुन्या खाकी शर्टाचा खिसा मला जड लागला. आत गोळ्या. पांढऱ्या, गुलाबी, पिवळ्या, मूठभर.

"हे काय?"

"जमा करून राह्यलो," हे शांतपणे म्हणाले. "दुरुस्त झालेली गाडी कोनी रोज गॅरेजात नेते काय? पुन्हा तरास झाला तर एकदमच घेईन."

मी अंगणवाडीत आयुष्य काढलं आहे. हट्टी पोरं मला नवीन नाहीत. मी त्या सगळ्या गोळ्या टाकून दिल्या, डॉक्टरबाईंना फोन लावला आणि फोन यांच्या कानाला धरला. पाच मिनिटं हे फक्त "हो मॅडम, हो मॅडम" म्हणत होते. त्या दिवसापासून मी समोर बसून गोळी द्यायची, यांनी गिळायची आणि जीभ बाहेर काढून दाखवायची, असा नियम झाला. वाकड्या तोंडाच्या नकलाही बंद केल्या.

नकलांची ती बंदी यांनी दोन महिने पाळली. मग एका दुपारी मी तांदूळ निवडत होते आणि यांनी ओसरीवरून माझ्याकडे तोंड वाकडं करून पाहिलं. मी सूप टाकून उठले आणि आधी ॲम्ब्युलन्स बोलावली.

"अवं, मस्करी करून राह्यलो होतो!" हे हात जोडून सांगत होते.

"सगळे तसंच म्हनतात!"

ॲम्ब्युलन्स आली, मागोमाग अर्धी गल्ली आली. गाडीतल्या डॉक्टरांनी यांना बसवलं, हात वर करायला लावले, बीपी मोजलं. सगळं उत्तम. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी घामाने निथळत होते. त्यांनी पट्टा माझ्या दंडाला बांधला, आकडा पाहिला आणि पुन्हा एकदा मोजलं.

"बाई, तुम्हाला बीपीची गोळी चालू आहे का?"

चालू होती. म्हणजे चार वर्षांपूर्वी सांगितली होती. मी ती डोकं दुखलं तरच घेत होते.

"घेता का रोज?"

गल्ली माझ्याकडे पाहत होती. हेही पाहत होते, आणि त्यांचं तोंड एकदम सरळ होतं.

"काऊन?" हे म्हणाले. "तूही जमा करून राह्यली काय?"

लाजेने मला कुठे पाहावं ते कळेना. रिकामी ॲम्ब्युलन्स परत गेली, पण तिच्यातले डॉक्टर जाताना मला बरंच बोलून गेले.

आता रोज सकाळी आम्ही दोघं ओसरीवर समोरासमोर बसतो. मी यांना देते, हे मला देतात. मग दोघं जीभ काढतो. परवा शेजारीण विरजण मागायला आली, तिने दोन म्हाताऱ्यांना एकमेकांना जीभ दाखवताना पाहिलं आणि वाटी घेऊन मुकाट्याने परत गेली.

याला दोन वर्षं झाली. पुन्हा झटका आला नाही. डावी बोटं तेवढी थोडी मंद झाली आहेत, असं हे म्हणतात. शर्टाचं वरचं बटण मलाच लावून द्यावं लागतं. मधूनच मला वाटतं, ते बटण यांचं यांनाही लावता येत असेल. मी विचारलेलं नाही.